पायाभरणीच्या आधी: सहा हेक्टर जमिनीच्या सर्वेक्षणाच्या नोंदी

३ ऑक्टोबर

आज सगळं कागदावरचं काम. जमीन ६.२ हेक्टर, हलक्या उताराची. वरचा मोठा भाग चुनखडीवर, मातीचा थर जेमतेम. खालचा पट्टा ओढ्याकाठचा, गाळाचा. इथे घरं उभी राहणार आहेत. घरांचा आराखडा अजून पेन्सिलीत आहे, तो शाईत जायच्या आत जमिनीखाली जुन्या वस्तीचे काय अवशेष आहेत ते कळलं तर रस्ता दहा मीटर सरकवता येतो, बागेची जागा बदलता येते. पाया खणायला सुरुवात झाल्यावर तेच कळलं तर सगळ्यांचंच नुकसान, आणि सगळ्यात जास्त त्या जमिनीत जे आहे त्याचं.

पद्धत ठरवली: सगळ्या क्षेत्रावर ग्रॅडिओमीटर, म्हणजे जमिनीतले चुंबकीय फरक टिपणारा मॅग्नेटोमीटर; मग निवडक जागी विद्युतरोध, म्हणजे माती विजेला किती अडवते त्याचं मापन, आणि भूभेदी रडार, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणारं यंत्र. ग्रॅडिओमीटर आधी घेतला कारण तो भरभर चालतो आणि चुनखडीवर छान काम देतो. खडक जवळजवळ अचुंबकीय, वरची माती मात्र चुंबकीय. वरच्या मातीतली लोहयुक्त खनिजं आग, कुजणं, ओल-वाळ यांच्या चक्रातून जास्त चुंबकीय होतात. ल बोर्न या फ्रेंच संशोधकानं हे १९५५ मध्ये दाखवून दिलं. कोणे एके काळी कुणी खंदक खणला, तो वरच्या मातीनं हळूहळू भरला, की तो खडकाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. आमची सगळी यंत्रं फरक मोजतात. फरक नसेल तर यंत्र गप्प बसतं.

हे वाक्य लिहिताना खालच्या पट्ट्याशी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

६ ऑक्टोबर

जागेवर पहिला दिवस. ३० मीटरच्या चौरसांची आखणी, उपग्रह-यंत्रानं दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेनं. लाकडी खुंट्याच वापरल्या, एकही लोखंडी नाही. ६९ चौरस भरतात, कडेचे तुटके वेगळे.

आखणीच्या आधी सगळी जमीन पायी फिरलो. हे कधीही चुकवू नये. पूर्वेच्या कडेला तारेचं कुंपण, कोपऱ्यात गुरांना पाणी पाजायची लोखंडी टाकी, पश्चिमेला विजेचा खांब. या तिन्हींच्या आसपासची कित्येक मीटर जमीन मॅग्नेटोमीटरला निकामी. ती आजच नकाशावर रेघा मारून ठेवली, म्हणजे नंतर काळ्या-पांढऱ्या डागांचे अर्थ लावत बसायला नको.

ही जमीन पूर्वी कसणारे आजोबा बांधावर येऊन उभे राहिले. मी विचारलं, इथे नांगर कुठे अडायचा का? त्यांनी विचार न करता काठीनं दाखवलं. "त्या झाडापासून पंचवीस पावलं वर. दरवर्षी फाळ वाजायचा. दगड काढून काढून बांधाला टाकले, तरी संपेनात." मग खालच्या बाजूला काठी वळवून म्हणाले, "आणि इथनं आडवा पाईप गेलाय, मातीच्या नळांचा. पाणी काढायला माझ्या वडिलांनी घातला होता."

दोन्ही गोष्टी वहीत, जागेच्या अंदाजासह. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं सगळं पाहिलं होतं. हे दोन्ही कशातही नव्हतं.

७ ऑक्टोबर

ग्रॅडिओमीटर सुरू. सकाळी यंत्र गार होतं, सेन्सर तापमानाला स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटं दिली. मग शून्य-बिंदू शोधला, म्हणजे अशी जागा जिथे आसपास काहीही चुंबकीय नाही आणि यंत्र चारही दिशांना फिरवलं तरी आकडा फारसा हलत नाही. दिवसभर दर काही चौरसांनी तिथेच परत यायचं. ऊन चढलं की शून्य सरकतो.

टीममधल्या नव्या मुलाला तत्त्व समजावलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेप्रमाणे साधारण २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). भरलेला खंदक त्यात भर घालतो दोन, तीन, फार तर दहा. एवढ्या मोठ्या आवाजात ही कुजबुज ऐकायची तर एकाच नळीत दोन सेन्सर बसवायचे, एक खाली एक वर, आणि दोघांतला फरकच तेवढा नोंदवायचा. पृथ्वीचं क्षेत्र, त्याची दिवसभराची चढउतार दोन्ही सेन्सरांना सारखीच लागते, म्हणून वजा होते. खालचा सेन्सर जमिनीच्या जवळ, त्याला मातीतलं जास्त ऐकू येतं. उरतो तो जमिनीचा आवाज.

चालायच्या पट्ट्यांमधलं अंतर एक मीटर, पट्ट्यावर दर पाव मीटरला एक मापन. म्हणजे एका चौरसात ३,६०० आकडे. चाल एकसारखी हवी, हात स्थिर हवा, सेन्सर जमिनीपासून वीतभर वर. आज १६ चौरस झाले.

८ ऑक्टोबर

१९ चौरस चालले, त्यातले चार परत करायचे आहेत.

दुपारी डेटा उतरवला तेव्हा त्या चार चौरसांत एक पट्टा उजळ, एक काळपट असं दिसत होतं. एकाच दिशेनं चालतानाचे पट्टे एका बाजूला, उलट दिशेचे दुसऱ्या बाजूला. यंत्र तपासलं, शून्य तपासला, सगळं ठीक. मग नव्या मुलाच्या पायांकडे लक्ष गेलं. सकाळी दवात बूट भिजले म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं गाडीतले दुसरे चढवले होते. वरून साधे, तळव्यात पोलादी पट्टी. तो घड्याळ, पट्टा, किल्ल्या, फोन सगळं काढून आला होता. जिपरऐवजी नाडीची विजार घालून आला होता. तळव्यातली पट्टी डोळ्यांना दिसत नाही.

तो फार ओशाळला. त्याला म्हटलं, हा दोष डेटात ओळखू आला, म्हणजे पुढे कुणाचाही बूट तू दुरून ओळखशील. उद्यापासून सुट्टीनंतरही प्रत्येकानं सेन्सरसमोरून एकदा जायचं आणि मगच यंत्र उचलायचं, असा नियम केला. आधीच करायला हवा होता. सकाळी एकदा तपासणी झाली की दिवसभर झाली असं मी धरून चालले होते.

१० ऑक्टोबर

क्षेत्र पूर्ण. संध्याकाळी पहिलं चित्र पडद्यावर आलं. उणे तीन ते अधिक तीन नॅनोटेस्ला, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत.

हा क्षण इतक्या वर्षांनीही जुना होत नाही. वरच्या उतारावर एक गोलसर आवार, खंदकानं वेढलेलं, अंदाजे चाळीस मीटर रुंद; आग्नेयेला तोंड उघडं. आत पाच-सहा ठिपके, खड्डे असावेत. आवाराबाहेर दोन समांतर रेषा, वाट किंवा शेताची हद्द. आजोबांचा मातीच्या नळांचा पाईपही आहे, त्यांनी काठीनं दाखवला तिथेच: प्रत्येक नळ वेगवेगळा भाजलेला, म्हणून रेषा सलग नाही, उलटसुलट मण्यांच्या माळेसारखी दिसते. सगळीकडे विखुरलेले काळे-पांढरे जोडठिपके म्हणजे वरच्या मातीतलं लोखंड: नाल, खिळे, अवजारांचे तुकडे. ते वेगळ्या रंगानं दाखवायचे, आणि त्यांच्यात जीव गुंतवायचा नाही.

आवाराच्या उत्तरेला एक ठिपका बाकीच्यांहून वेगळा. शिखर ८० नॅनोटेस्लाच्या वर, पण लोखंडासारखा टोकदार नाही. रुंद, दोन-अडीच मीटरचा. माझं मत भट्टी. माती सुमारे ५८० अंशांच्या पुढे तापली की तिच्यातल्या मॅग्नेटाइटची चुंबकीय दिशा मोकळी होते आणि निवताना ती पृथ्वीच्या त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेनं गोठते. शेवटचा जाळ विझला त्या दिवसाची दिशा भिंतींमध्ये अजून तशीच असते.

या पद्धतीची सुरुवातच भट्ट्यांपासून झाली. १९५८ मध्ये मार्टिन एटकिन आणि सहकारी इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटन इथे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर घेऊन गेले, रस्ता रुंद होणार होता म्हणून, आणि रोमन काळातली कुंभाराची भट्टी यंत्रानं शोधली. त्याआधी १९४६ मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्सननं डॉर्चेस्टर-ऑन-टेम्सला विद्युतरोध मोजून खंदक शोधले, तिथे रेतीची खाण पुढे सरकत होती म्हणून. दोन्ही वेळा मागे खोदयंत्रं येत होती. घाईतूनच जन्मलेली विद्या आहे ही.

खालचा गाळाचा पट्टा एकसारखा करडा. पाईप सोडला तर काहीच नाही.

११ ऑक्टोबर

पाऊस. दिवसभर पडद्यासमोर, आणि बरं झालं.

पट्ट्या-पट्ट्यांतला लहानसा फरक घालवायला आम्ही नेहमी प्रत्येक पट्ट्याची सरासरी शून्यावर आणतो. चित्र लख्ख होतं. काल रात्री तेच केलं होतं. आज सकाळी ४१ क्रमांकाचा चौरस मोठा करून पाहताना तीन पट्ट्यांत एक विचित्र गोष्ट दिसली: अर्ध्यापर्यंत फिकट काळं, आणि पुढचा अर्धा भाग आजूबाजूपेक्षा किंचित पांढरा. खणलेल्या कशालाही अशी पांढरी सावली शेपटासारखी पुढे नसते.

कच्चा डेटा उघडला. तिथे खंदक होता. पूर्व-पश्चिम, अगदी आमच्या चालण्याच्या दिशेत, पाच चौरसांची अख्खी लांबी व्यापून ४१ मध्ये मध्यावर संपणारा. पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन नॅनोटेस्ला जास्त, म्हणजे त्या पट्ट्याची सरासरीच तीन जास्त. ती शून्यावर आणली की खंदक गेला. पाच चौरसांत तो पूर्ण पुसला गेला आणि जिथे अर्ध्यातच संपत होता तिथे तेवढा माग राहिला.

दीडशे मीटरहून लांब खंदक मी एका बटणानं घालवला होता, आणि चित्र आधीपेक्षा देखणं दिसत होतं. यापुढे कच्चं आणि प्रक्रिया केलेलं चित्र शेजारी शेजारी ठेवूनच वाचन करायचं, अहवालातही दोन्ही छापायची.

१३ ऑक्टोबर

ते सहा चौरस काटकोनात, उत्तर-दक्षिण, पुन्हा चालले. खंदक स्वच्छ आला. त्याला आवाराशी जोडणारा एक फाटाही आला, तो आधीच्या कच्च्या चित्रातही मला दिसला नव्हता.

१५ ऑक्टोबर

विद्युतरोध. जागा: झाडापासून पंचवीस पावलं वर.

मॅग्नेटोमीटरमध्ये इथे नुसती विस्कळीत फिकट खूण होती. चुनखडीच्या दगडांची भिंत चुनखडीवरच उभी असेल तर चुंबकीय फरक कुठून येणार? पण दगड विजेला अडवतो आणि ओली माती वाट देते, आणि चार दिवसांपूर्वीच्या पावसानं हा फरक आणखी ठळक केलेला. चौकटीवर दोन सळया अर्ध्या मीटरच्या अंतरानं, दुसरी जोडी १५ मीटरहून दूर रोवून ठेवलेली. दर मीटरला सळया टोचायच्या, आकडा स्थिर झाला की पुढे. २० मीटरच्या एका चौरसाला ४०० टोचे. खांदे भरून येतात, पण मातीचा हाताला लागणारा अंदाज या पद्धतीइतका दुसऱ्या कशात येत नाही. नव्या मुलानं चौथ्या ओळीतच सांगितलं, "ताई, इथे सळई जात नाही." तीन टोच्यांनंतर पुन्हा तेच. आकडे बघायच्या आधी त्याला भिंत हाताला लागली होती.

संध्याकाळी चार चौरस मिळून: आयत, सुमारे १८ बाय ९ मीटर, मध्ये एक आडभिंत. आजोबांच्या नांगराचा फाळ पश्चिमेच्या भिंतीवर वाजत होता.

१७ ऑक्टोबर

त्याच आयतावर रडार. ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना, ओळी अर्ध्या मीटरवर. एका दगडाच्या कमानीसारख्या वक्र खुणेवरून लहरींचा वेग काढला, नॅनोसेकंदाला साधारण ०.०८ मीटर. म्हणजे २० नॅनोसेकंदांनी परत आलेला प्रतिध्वनी सुमारे ८० सेंटिमीटरवरचा. वीस-वीस सेंटिमीटरचे आडवे काप केले: पहिल्या कापात नांगरानं पसरलेले दगड, दुसऱ्यात भिंती, तिसऱ्यात पूर्वेकडच्या खोलीत सलग सपाट परावर्तन. जमीन केलेली असावी. त्याखाली भिंती संपतात. पाया ६० सेंटिमीटरच्या आसपासच थांबतो असं दिसतं, म्हणजे बागेचं झाड लावायला खणलेल्या खड्ड्यानंही हे फुटेल.

रडार खालच्या पट्ट्यावर दोन ओळी नेऊन पाहिलं. ओल्या चिकण गाळानं लहर अर्ध्या मीटरच्या आतच गिळून टाकली.

२० ऑक्टोबर

विकासकाच्या प्रतिनिधीबरोबर बैठक. माणूस समंजस आहे, नकाशा नीट बघतो. आवार, खंदक, इमारत पाहून त्यांनी लगेच विचारलं की ही बाजू मोकळी ठेवून घरं खाली सरकवली तर? खालचा भाग तर तुमच्या नकाशावर कोरा आहे.

मला या प्रश्नाची भीती असते ती दर वेळी अशीच समोर येते. त्यांचं काही चुकत नव्हतं, नकाशा तसंच सांगत होता. मी म्हटलं, कोरा भाग दोन प्रकारचा असतो. एक, जिथे यंत्राला दिसलं असतं आणि दिसलं नाही. दुसरा, जिथे यंत्राला दिसूच शकत नव्हतं. चुनखडीवरचा कोरा भाग पहिल्यात मोडतो, तोही पुरता नाही. वीतभर व्यासाचा खांबाचा खळगा मीटरच्या पट्ट्यांतून सहज निसटतो, आणि साधी कबर खणल्या मातीनंच परत भरलेली असते, तिला फरक कसला. ओढ्याकाठचा भाग दुसऱ्यात. पुरानं गाळ आणून टाकला असेल तर जुनी जमीन त्याच्या पोटात आहे, आणि ग्रॅडिओमीटरला खंदक-खड्डे मीटरभरापलीकडे क्वचितच जाणवतात.

"मग तिथे काही आहे असं तुम्ही म्हणता का?"

नाही. तिथे पाहिलेलं नाही, एवढंच म्हणते.

त्यांनी थोडा वेळ नकाशा पाहिला आणि विचारलं, पाहायला काय लागेल? हा प्रश्न विचारणारा माणूस भेटला की अर्धं काम होतं. गिरमिटानं सहा छिद्रं, एक दिवस. ठरलं.

२२ ऑक्टोबर

हातानं फिरवायचं गिरमिट, ओढ्यापासून वर जाणाऱ्या ओळीत सहा जागा. प्रत्येक वेळी हातभर माती वर येते, ती पन्हाळीत ओळीनं मांडायची, रंग, पोत, ओल लिहायची.

पहिल्या तीन छिद्रांत तपकिरी चिकण गाळ, खाली राखाडी, मग १.६ मीटरवर खडे. चौथ्यात १.२ मीटरपर्यंत तेच, आणि मग गिरमिटाच्या आवाजात फरक पडला, किंचित कुरकुर. वर आलेल्या मातीच्या शेवटच्या बोटभर भागाचा रंग काळा. चिमटीत चोळली: कोळशाचे कण, बोटाला रेघ उमटवणारे, आणि नखाएवढा एक लालसर तुकडा, एका बाजूनं काळा, एका बाजूनं वीटकरी. खापर. कडा झिजलेल्या नव्हत्या. पाण्यानं वाहून आणलं असतं तर गोलटली असती.

पाचव्यात तोच काळा थर १.१ मीटरवर. सहाव्यात नाही, तिथे चुनखडी वर येते.

वरच्या उतारावरच्या लोकांनी पाणी कुठून आणलं असेल, हा विचार मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

२७ ऑक्टोबर

अहवाल लिहून झाला. सगळ्यात जास्त वेळ गेला नकाशाच्या सूचीवर. आतापर्यंत माझ्या सूचीत खंदक, खड्डा, भाजलेली माती, लोखंड, आधुनिक पाईप असे रंग असायचे आणि उरलेलं पांढरं. या वेळी पांढरं ठेवलं नाही. कुंपण-टाकी-खांबाजवळचा भाग तिरप्या रेघांनी: चुंबकीय अडथळा, मापन निरुपयोगी. खालचा पट्टा ठिपक्यांनी: गाळ १.१ ते १.६ मीटर, या पद्धतींच्या आवाक्याबाहेर. उरलेला वरचा भाग फिकट रंगात: मापन विश्वासार्ह, लहान खळगे व कबरी वगळता. नकाशा थोडा गजबजलेला दिसतो. पण घाईत असलेला वाचक अहवालाची चाळीस पानं वाचत नाही, नकाशाच बघतो. म्हणून जे सांगायचं ते नकाशावरच.

३ ते १४ नोव्हेंबर

चाचणी चर. क्षेत्राच्या तीन टक्के, म्हणजे ३० बाय २ मीटरचे ३१ चर. त्यातले ११ मुद्दाम जिथे काहीच दिसलं नव्हतं तिथे. दात नसलेल्या बकेटनं वरची माती पातळ थरांनी काढत, पुढे आम्ही थाप्या घेऊन.

आवाराचा खंदक १.४ मीटर खोल, नकाशावरच्या जागेपासून हाताच्या अंतरावर. बटणानं पुसला गेलेला खंदकही आहे. आतल्या ज्या ठिपक्यांना मी खड्डे म्हटलं होतं त्यांतले चार तपासले. दोन खरोखर धान्याचे खड्डे, दोन उन्मळून पडलेल्या झाडांच्या मुळांचे खळगे. अहवालात ते दोन दुरुस्त केले. भट्टी मात्र भट्टीच: लाल भाजलेली भिंत वीतभर उंच उरलेली, तळाशी राखेचा थर, तोंडाशी फुटक्या भांड्यांचा ढीग. भिंतीचे दिशा नोंदवलेले नमुने पुराचुंबकीय कालमापनासाठी, म्हणजे गोठलेल्या चुंबकीय दिशेवरून भट्टीचा काळ ठरवण्यासाठी, काढले.

११ कोऱ्या चरांपैकी सात खरोखर कोरे. दोनांत नांगराच्या रेघा. एकात, आवाराच्या बाहेर, खांबांचे खळगे, ओळीत नऊ, प्रत्येक वीत-सव्वावीत रुंद. ग्रॅडिओमीटरच्या चित्रात त्या जागी मी नंतर कितीदा तरी पाहिलं, तिथे काहीच नाही.

अकरावा चर गाळात. खोली वाढत गेली तशा बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी कापल्या, नाहीतर कडा ढासळतात. १.२ मीटरवर काळा थर उघडा पडला आणि त्यात दगडांचं एक छोटं वर्तुळ, आतली माती भाजलेली. चूल. शेजारी भांड्याचा तळ, उलटा, जसा कुणी ठेवला तसाच. सुपीक मातीतल्या वस्तू नांगरानं शतकानुशतकं फिरवलेल्या असतात. इथे गाळानं सगळं झाकून घेतलं होतं म्हणून एकही गोष्ट हललेली नाही. सगळ्या सहा हेक्टरात सर्वांत चांगलं जतन झालेली जागा यंत्राला न दिसणारी निघाली.

१७ नोव्हेंबर

सुधारित आराखडा आला. आवार, इमारत आणि भट्टी मोकळ्या मैदानाखाली जशाच्या तशा राहतील. वर मातीचा भर, खोल मुळांची झाडं नाहीत, नळ-तारा बाहेरून. खालच्या पट्ट्यात घरांची एक रांग कमी, आणि उरलेल्या भागात बांधकामाआधी पूर्ण उत्खनन. नऊ खांबांच्या ओळीभोवतीचं क्षेत्रही त्यात घेतलं आहे.

आजोबांना इमारतीच्या चराशी घेऊन गेले. ते खाली उतरले, पश्चिमेच्या भिंतीवरच्या दगडावर फाळानं पाडलेल्या तिरप्या खाचा होत्या त्यावर अंगठा फिरवला. "हा माझा," म्हणाले, आणि मग दुसऱ्या, जास्त झिजलेल्या खाचेवर, "हा वडिलांचा असेल." दोन्ही खाचांची मापं आणि छायाचित्रं नोंदीत घेतली.

१९ नोव्हेंबर

चर बुजवले, खुंट्या उपटल्या. संग्रहासाठी डेटा बांधला: कच्च्या फायली, प्रक्रियेची प्रत्येक पायरी क्रमानं, सेन्सरची उंची, चालण्याची दिशा, त्या दिवसांचं हवामान, गिरमिटाच्या सहाही छिद्रांच्या नोंदी. ८ ऑक्टोबरचे बिघडलेले चार चौरसही ठेवले आहेत, कारणासह.